गळ्यात छिद्र पाडायला ‘नको’ म्हटलं, तर मी बाबांना मारतोय का?

प्रश्न थोडक्यात असा. वडील ८१ वर्षांचे. सहा वर्षांपासून स्मृतिभ्रंश. शेवटचं दीड वर्ष अंथरुणावर, माणसं ओळखत नाहीत, भरवताना ठसका लागतो. त्यातूनच न्यूमोनिया झाला, आयसीयूत नेलं, श्वास पुरेना म्हणून व्हेंटिलेटर लावला. त्याला बारा दिवस झाले. मध्ये एकदा नळी काढून पाहिली, काही तासांत परत घालावी लागली. आता डॉक्टर म्हणतात, तोंडातली नळी फार दिवस ठेवता येत नाही, ट्रेकिऑस्टॉमी, म्हणजे गळ्याला छिद्र पाडून श्वासनळीत नळी बसवणं, करायची का ते उद्यापर्यंत सांगा. दुसऱ्या गावी असलेल्या ताईचं म्हणणं, जे जे शक्य आहे ते सगळं करा. आईला अजून नीट काही सांगितलेलंच नाही. आणि विचारणारा मुलगा लिहितो, ‘मी नको म्हटलं तर मी बाबांना मारतोय का? आणि हो म्हटलं तर त्यांचे हाल करतोय का?’

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते मिळाल्याशिवाय पुढचं काही तुमच्या डोक्यात शिरणार नाही. नाही, तुम्ही मारत नाही. दुसऱ्याचं उत्तर बहुधा हो असं आहे, पण ते बाबा कशाला हाल म्हणाले असते यावर ठरेल, आणि ते मला ठाऊक नाही, तुम्हाला आहे. मी निम्मी कारकीर्द आयसीयूत काढली आणि उरलेली पॅलिएटिव्ह केअरमध्ये, म्हणजे ज्यांचा आजार बरा होण्यातला नाही त्यांचा त्रास कमी करण्याच्या कामात. बाबांना मी तपासलेलं नाही. त्यामुळे खाली जे लिहितोय ते उद्या तिथल्या डॉक्टरांशी बोलताना हाताशी ठेवा, त्यांच्या सल्ल्याच्या जागी ठेवू नका.

सुरुवात त्या छिद्रापासून करू. तोंडातून, स्वरयंत्रामधून श्वासनळीत गेलेली नळी आठवड्यांमागून आठवडे तशीच राहिली तर स्वरयंत्राला आणि श्वासनळीच्या अस्तराला इजा होऊ लागते. ती सहन व्हावी म्हणून गुंगीचं औषधही चालू ठेवावं लागतं. त्याऐवजी गळ्याच्या पुढून थेट श्वासनळीत एक आखूड नळी बसवली की तोंड मोकळं होतं, गुंगी कमी करता येते, कफ खेचणं सोपं जातं. शस्त्रक्रिया म्हणाल तर लहानच, पुष्कळदा आयसीयूच्या बेडवरच उरकते. म्हणून ती ‘एक छोटीशी प्रोसिजर’ या नावाने तुमच्यापुढे येते आणि फॉर्मवर सही मागितली जाते. सही मात्र तुम्ही त्या अर्ध्या तासासाठी करत नसता, पुढच्या कित्येक महिन्यांसाठी करत असता. हे कुणी स्पष्ट सांगत नाही, आणि माझी आमच्याच लोकांवरची सगळ्यात मोठी तक्रार ही आहे.

एखाद्या तरुण माणसाच्या नसा गियाँ-बारेसारख्या आजाराने लुळ्या पडल्या असतील, तर मी तुम्हाला क्षणाचाही विचार न करता सही करा म्हणेन. त्या नसा परत कामाला लागतात, फक्त तोपर्यंत श्वास चालू ठेवायचा असतो. बाबांचं तसं नाही. हा न्यूमोनिया बरा होईलही. पण गिळण्याची क्रिया मेंदूच विसरला आहे, घास आणि थुंकी श्वासनळीत उतरते आहे, आणि ते थांबवणारं औषध नाही. गळ्यातली नळीही ते पूर्णपणे थांबवत नाही.

मग पुढचे महिने कसे असतील? दिवसरात्र, दर काही तासांनी, नर्स गळ्यातल्या नळीतून एक बारीक रबरी नळी आत सरकवून कफ खेचून घेईल. दर वेळी आतून जोराची ढास लागते, चेहरा लाल होतो, डोळ्यांतून पाणी येतं. समजत्या माणसाला ‘अजून दोन सेकंद, झालंच’ असं सांगता येतं. बाबांना प्रत्येक वेळी ते पहिल्यांदाच आणि विनाकारण होतंय असं वाटेल. हे काय लावलंय ते कळत नसल्याने ते नळी ओढतील, आणि म्हणून त्यांचे हात मऊ पट्ट्यांनी कठड्याला बांधले जातील. आवाज बहुतेक जाईल. अन्न नाकातल्या किंवा पोटातल्या नळीतून. आणि पुढचा न्यूमोनिया कधी होईल, एवढाच प्रश्न उरेल. काही कुटुंबं हे सगळं समजून घेऊनही हो म्हणतात. त्यांना मी चूक म्हणत नाही. एका बाईंच्या नवऱ्याने आयुष्यभर सांगितलं होतं की मला शेवटच्या श्वासापर्यंत लढू द्या, आणि त्यांनी तसं केलं. पण त्यांना माहीत होतं त्या कशाला हो म्हणत आहेत.

व्हेंटिलेटर मुळात कशासाठी आला हे थोडं आठवलं तर गुंता बराच सुटतो. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडून मुलं पटापट जात होती. ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने गळ्याला छिद्र पाडून नळी घालायची आणि रबरी पिशवी दाबून हवा आत सोडायची, असा उपाय काढला. यंत्रं पुरेशी नव्हतीच, म्हणून शेकडो वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून, आठवडेच्या आठवडे, हाताने पिशव्या दाबत बसले. मृत्यूंचं प्रमाण झपाट्याने खाली आलं आणि आजच्या आयसीयूचा पाया तिथे पडला. म्हणजे तुमच्यासमोरची ट्रेकिऑस्टॉमी आणि व्हेंटिलेटर ही जोडी जन्मली तीच मुळी शरीराला स्वतःचं काम परत सांभाळता येईपर्यंतचा वेळ मिळवून देण्यासाठी. ज्या शरीराला ते परत सांभाळता येणार नाही, तिथे हेच यंत्र फक्त मरण्याचा काळ लांबवतं. डॉक्टरांना उद्या पहिला प्रश्न हाच विचारा: आपण कशाची वाट पाहतोय? ‘बघू या, काही सांगता येत नाही’ हे त्याचं उत्तर होत नाही. ‘अमुक सुधारण्याची वाट पाहतोय, ते सुधारलं तर बाबा आजारापूर्वी होते तिथवर, किंवा त्याच्या थोडं अलीकडे येतील’ हे उत्तर आहे. आणि आजारापूर्वी ते कुठे होते, हे तुमच्याइतकं आयसीयूतल्या कुणालाच माहीत नाही. त्यांना बाबा भेटले तेच नळ्यांमध्ये.

आता ‘मारणं’. लोकांच्या मनात एक पक्की समजूत असते: व्हेंटिलेटर न लावणं एक वेळ चालेल, पण लावलेला काढणं म्हणजे हत्या. ही समजूत डॉक्टरांतही आहे, आणि ती मला समजते. हात पुढे करून काही काढायला जे धैर्य लागतं, ते न लावायला लागत नाही. पण नीतिशास्त्राच्या कसोटीवर हा फरक टिकत नाही. उपचार सुरू करायला जी कारणं लागतात तीच तो चालू ठेवायलाही लागतात; ती संपली की चालू ठेवायचा अधिकारही संपतो. उलट मी म्हणेन, करून पाहून थांबणं हे न करून पाहण्यापेक्षा जास्त प्रामाणिक आहे. तुम्ही बाबांना बारा दिवस संधी दिलीत. नळी काढूनही पाहिली. आता जे माहीत आहे ते पहिल्या रात्री कुणालाच माहीत नव्हतं. ‘एकदा लावला की काढता येत नाही’ या भीतीमुळेच किती तरी ठिकाणी ज्यांना चार दिवसांच्या व्हेंटिलेटरचा फायदा झाला असता त्यांनाही तो लावला जात नाही.

न्यू जर्सीतली केरन अ‍ॅन क्विनलन १९७५ साली, २१ वर्षांची असताना बेशुद्ध पडली ती कायमची. तिच्या आईवडिलांनी व्हेंटिलेटर काढायची विनंती केली, डॉक्टरांनी नकार दिला, प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९७६ साली परवानगी मिळाली. सगळे धरून चालले होते की यंत्र काढलं की ती जाईल. ती गेली नाही. स्वतः श्वास घेत राहिली आणि १९८५ साली न्यूमोनियाने गेली. आईवडिलांनी नळीतून अन्न देणं शेवटपर्यंत चालू ठेवलं होतं, कारण त्यांच्या मते तो बोजा नव्हता. मला हे प्रकरण दोन कारणांसाठी मोलाचं वाटतं. एक, यंत्र काढणं आणि जीव घेणं या वेगळ्या गोष्टी आहेत हे यापेक्षा स्वच्छ दिसणार नाही: जीव घ्यायचा हेतू असता तर ती श्वास घेत राहिल्यावर कुणीतरी पुढचं पाऊल उचललं असतं. दुसरं, एकच कुटुंब एका नळीला नको आणि दुसरीला हो म्हणू शकतं. सगळं किंवा काहीच नाही, असा सौदा कुणी तुमच्यासमोर ठेवत असेल तर तो मान्य करू नका. आणि ज्यांना वाटतं की हा सगळा आधुनिक, देवधर्म न मानणाऱ्यांचा विचार आहे, त्यांच्यासाठी: १९५७ सालीच पोप बाराव्या पायस यांनी भूलतज्ज्ञांच्या प्रश्नांना उत्तर देताना म्हटलं होतं की, जीव टिकवण्यासाठी सामान्य उपाय करणं कर्तव्य आहे, असामान्य उपाय करणं बंधनकारक नाही.

कायदा देशोदेशी वेगळा आहे, तेव्हा तुमच्या रुग्णालयाचे नियम विचाराच. भारतात २०११ साली, वर्षानुवर्षं अचेत अवस्थेत असलेल्या मुंबईच्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशा निर्णयांसाठी दार किलकिलं केलं, पण उच्च न्यायालयाची परवानगी घ्यायची अट घातली. ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या खटल्यात सन्मानाने मरण्याचा हक्क जगण्याच्या मूलभूत हक्कातच येतो असं म्हटलं आणि आधी लिहून ठेवलेल्या वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. पद्धत मात्र इतकी किचकट घातली की ती वापरणं जवळजवळ अशक्य होतं. जानेवारी २०२३ मध्ये ती सुटसुटीत केली: उपचार करणारे डॉक्टर आणि दोन तज्ज्ञ यांचं पहिलं मंडळ, मग जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सुचवलेल्या डॉक्टरांसह दुसरं मंडळ, दोन्हींनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं, जवळच्या नातेवाइकांची संमती, आणि अंमल करण्याआधी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचं. इच्छापत्र नसलं तरी हा मार्ग बंद होत नाही. विष टोचून जीव घेणं ही यापेक्षा वेगळी गोष्ट आहे. नेदरलँड्समध्ये २००२ पासून ठरावीक अटींवर ती कायद्याने चालते, भारतात चालत नाही, आणि तुमच्या प्रश्नाशी तिचा संबंधही नाही. तुम्ही तर अजून एक पायरी अलीकडे आहात: एका नव्या शस्त्रक्रियेला संमती द्यायची की नाही, एवढंच तुम्हाला विचारलंय. पण नकार दिलात तर नळी काढण्याचा विषय लगोलग पुढे येणार, म्हणून दोन्ही एकत्र लिहितोय.

सगळ्यात अवघड भाग आता. डॉक्टर विचारतात, ‘तुम्हाला काय करायचंय?’ हा प्रश्नच चुकीचा आहे. तुम्हाला काय हवंय ते सगळ्यांना ठाऊक आहे. तुम्हाला बाबा हवेत. विचारायला हवं ते असं: बाबा तासाभरासाठी पूर्ण शुद्धीवर आले, त्यांना ही सगळी परिस्थिती समजावून सांगितली, तर ते स्वतःसाठी काय सांगतील? या एका बदलाने घरातली भांडणं निम्मी मिटलेली मी पाहिली आहेत, कारण मग ताईचं मत आणि तुमचं मत असे दोन पक्ष उरत नाहीत. दोघेही साक्षीदार होता.

साक्ष कशी काढायची? ‘त्यांना काय आवडलं असतं’ असा मोघम प्रश्न स्वतःला विचारून काही हाती लागत नाही. प्रसंग आठवा. त्यांच्या एखाद्या भावाचं, मित्राचं आजारपण लांबलं तेव्हा भेटून आल्यावर ते काय म्हणाले? स्मृतिभ्रंशाचं निदान झालं त्या पहिल्या वर्षात, अजून समजत होतं तेव्हा, काही बोलले का? दुसऱ्याच्या हाताने आंघोळ करायची वेळ आली तेव्हा त्यांची प्रतिक्रिया काय होती? कुणावर अवलंबून राहणं त्यांना चालायचं, की मान खाली जायची? ताईलाही हेच प्रश्न विचारा आणि तिचं ऐकताना मध्ये बोलू नका.

याची मर्यादाही सांगायला हवी. कुटुंबाचा अंदाज आणि रुग्णाची स्वतःची इच्छा यांची तुलना करणाऱ्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २००६ साली निघाला. त्यात कुटुंबाचा अंदाज साधारण दोन तृतीयांश वेळाच बरोबर निघाला होता. म्हणजे तुमचं चुकू शकतं. पण डॉक्टरांचं त्याहून जास्त चुकतं, आणि तिसरं कुणी उपलब्ध नाही. बाबांना जाणणाऱ्यांनी प्रामाणिकपणे केलेला अंदाज याहून वरचं प्रमाण या प्रसंगात नसतंच. मात्र तुम्हाला खरोखर काहीच आठवत नसेल, तर बाबांचं हित कशात हे त्यांच्या आजच्या अवस्थेवरून ठरवावं लागतं. तिथे मी एकच पाहतो: दिवसभरात त्यांना सुखाचं म्हणता येईल असं काही उरलंय का? चेहऱ्यावर हात फिरवल्यावर कपाळ सैल होतं का? त्या तुलनेत त्रासाचे तास किती?

आणि निर्णय तुमच्या एकट्याच्या डोक्यावर असता कामा नये. ट्रेकिऑस्टॉमी करू का, असं विचारून गप्प बसणारा डॉक्टर तुमच्या स्वातंत्र्याचा मान राखतोय असं वरवर वाटतं; खरं तर तो आपलं काम तुमच्यावर ढकलतोय. हॉटेलातल्या वेटरसारखं मेनूकार्ड पुढे करून उभं राहायचं, हा वैद्यकीय सल्ला नव्हे. बाबा कसे होते ते तुम्ही सांगायचं, आणि त्यावरून वैद्यकीयदृष्ट्या काय योग्य ते डॉक्टरांनी सांगायचं. त्यांना सरळ विचारा: ‘हे सगळं ऐकल्यावर तुमची शिफारस काय?’ बरेच डॉक्टर हा प्रश्न कुणी विचारावा याची वाटच पाहत असतात. शिफारस पटली नाही तर नाकारायचा हक्क तुमचा आहेच. पण पटली, तर ‘आम्ही सल्ला मानला’ असं तुम्ही पुढे स्वतःला सांगू शकाल. ‘मी नळी काढायला लावली’ या वाक्यासोबत वर्षानुवर्षं जगणं फार वेगळं असतं.

फ्रान्समधल्या २२ आयसीयूंमध्ये, वाचण्याची आशा उरली नव्हती अशा १२६ रुग्णांच्या नातेवाइकांवर झालेला एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना नेहमीसारखं कळवलं. उरलेल्यांसोबत आखून बैठक घेतली: त्यांचं म्हणणं ऐकून घ्यायचं, भावना मान्य करायच्या, रुग्ण माणूस म्हणून कसा होता ते विचारायचं, आणि सोबत एक छापील पत्रक द्यायचं. बैठक सरासरी वीस मिनिटांवरून तीसवर गेली, पण नातेवाईक बोलले तो वेळ पाच मिनिटांवरून चौदावर गेला. तीन महिन्यांनी या गटात नैराश्य, चिंता आणि मानसिक आघाताची लक्षणं स्पष्टपणे कमी होती. मला यातली ती चौदा मिनिटं महत्त्वाची वाटतात. उद्याच्या बैठकीत तुमची चौदा मिनिटं मागून घ्या.

ताईविषयी. लांबून आलेल्या आणि ‘सगळं करा’ म्हणणाऱ्या नातेवाइकाला अमेरिकेतले डॉक्टर ‘कॅलिफोर्नियाची मुलगी’ म्हणतात. (कॅलिफोर्नियातले म्हणे ‘न्यूयॉर्कची मुलगी’ म्हणतात.) मला हा विनोद आवडत नाही. ताईने शेवटचं दीड वर्ष पाहिलेलं नाही. तिच्या मनातले बाबा अजून चालते-बोलते आहेत. तुमचा निरोप दीड वर्षात थोडाथोडा झाला, तिला तो एका फोनवर घ्यायला सांगताय. तिला आकडे ऐकवू नका, युक्तिवाद करू नका. शक्य असेल तर बोलवून घ्या आणि कफ खेचताना दहा मिनिटं बाबांच्या उशाशी उभं राहू द्या. येणं शक्यच नसेल तर व्हिडिओ कॉल, पण डॉक्टरांशी थेट. तुमच्या तोंडून गेलेली प्रत्येक वाईट बातमी तिला तुमचं मत वाटेल. ‘सगळं करा’ याचा अर्थही तिलाच विचारा. पुष्कळदा त्याचा अर्थ ‘त्यांना टाकून देऊ नका’ एवढाच असतो, आणि ते वचन तुम्ही नि:शंकपणे देऊ शकता.

आईला सांगा. आजच. तिला त्रास होऊ नये म्हणून लपवताय हे समजतं, पण तिने त्या माणसासोबत तुमच्या सगळ्यांपेक्षा जास्त वर्षं काढली आहेत, आणि बाबांचे ते आठवायचे प्रसंग सगळ्यात जास्त तिच्याकडेच असणार. १९६१ साली अमेरिकेत डॉक्टरांची पाहणी झाली तेव्हा जवळजवळ ९० टक्के डॉक्टर कॅन्सर झाल्याचं रुग्णाला सांगायचं टाळत. १९७९ च्या तशाच पाहणीत जवळजवळ सगळे सांगण्याच्या बाजूचे निघाले. अठरा वर्षांत माणसं काही कणखर झाली नव्हती. लपवलेलं तसंही कळतंच आणि माणूस एकटा पडतो, हे डॉक्टरांच्या ध्यानात आलं होतं. आईला बहुधा अंदाज आहे. ती तुम्हाला जपत गप्प बसली असेल.

ती दोन गोष्टी हमखास विचारेल, त्यांची उत्तरं तयार ठेवा. पहिली: उपाशी ठेवायचं का? शेवटच्या टप्प्यात शरीर अन्न मागत नाही, भूक मरते. तेव्हा बळेच सोडलेलं अन्न आणि सलाईन छातीत पाणी वाढवतं, अंगावर सूज आणतं, घशात घरघर वाढवतं. स्मृतिभ्रंशाच्या शेवटच्या अवस्थेत पोटात नळी घातल्याने आयुष्य वाढत नाही, न्यूमोनियाही टळत नाही. म्हणून अमेरिकेतल्या वृद्धरोग तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली अशा नळीऐवजी हाताने, रुग्णाच्या कलाने भरवण्याची शिफारस केली. नळीतून दिलेलं अन्न हा वैद्यकीय उपचारच आहे, असं ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायपीठाने १९९३ साली टोनी ब्लँड या कायमच्या बेशुद्धीत गेलेल्या तरुणाच्या प्रकरणात म्हटलं, हेही खरं. पण आईला न्यायालयाचे दाखले देऊन उपयोग नाही. तिला काम द्या. ओल्या कापसाने ओठ पुसायचे, जीभ ओली ठेवायची, ओठांना थोडं क्रीम लावायचं. तोंड कोरडं पडण्याचा त्रास खरा असतो आणि तो असाच जातो.

दुसरी: मॉर्फिनने जीव जाईल का? मॉर्फिन धाप आणि वेदनेसाठी देतात, थोड्या मात्रेने सुरू करतात आणि त्रास किती उरलाय ते पाहून वाढवतात. असं दिलं तर त्याने मृत्यू ओढवत नाही. हेतू काय होता ते नुसतं मनात राहत नाही, ते औषधाच्या चार्टवर दिसतं: श्वासाचा वेग, कपाळावरच्या आठ्या, मानेचे स्नायू ताणलेले आहेत का, आणि त्याप्रमाणे मात्रा. कारण न लिहिता एकदम मोठी मात्रा दिलेली दिसली तर प्रश्न विचारा. त्रास दिसत असताना ‘श्वास मंदावेल’ म्हणून मॉर्फिन नाकारलेलं दिसलं तर त्याहून मोठ्याने विचारा. मी दुसरी चूक पहिलीपेक्षा कितीतरी जास्त वेळा पाहिली आहे.

नळी काढायचं ठरलं तर काय घडतं, ते आधी माहीत असलेलं बरं. आधी औषध, मग नळी, हा क्रम उलटा होऊ देऊ नका. धाप लागायच्या आतच मॉर्फिन आणि चिंता कमी करणारं औषध चालू हवं, कफ कमी करणारं औषध आधी दिलेलं हवं. मॉनिटरचे आवाज बंद करायला सांगा, पडदाही बंद. नाहीतर सगळं घर बाबांकडे पाहायचं सोडून आकड्यांकडे पाहत बसतं. हात सोडवून घ्या. नळी निघाल्यावर थोडी खरखर होईल. श्वास कधी भराभर, कधी मध्येच थांबून परत सुरू, असा चालेल. ते बघणाऱ्याला कष्टाचं वाटतं, पण गुंगीतल्या माणसाला तसं जाणवत असण्याची शक्यता कमी असते. किती वेळ लागेल कुणी सांगू शकत नाही: काही मिनिटं, काही तास, क्वचित काही दिवस. दिवस लागले तर ‘आपण चुकलो, त्यांना जगायचं होतं’ असं घरात कुणीतरी म्हणेल. क्विनलनची गोष्ट तेव्हा सांगा. एक खोली किंवा निदान एक कोपरा मागा, आणि रात्रभर कुणाला बसता येईल का ते विचारून ठेवा.

छातीवर दाब देऊन हृदय परत सुरू करण्याबद्दलही, म्हणजे सीपीआरबद्दल, उद्याच विचारतील. ही पद्धत १९६० साली प्रसिद्ध झाली ती अचानक बंद पडलेल्या, एरवी धडधाकट हृदयासाठी. टीव्हीवर ती फार यशस्वी असते. १९९६ सालच्या एका अभ्यासात अमेरिकन मालिकांमधले दोन तृतीयांश रुग्ण तिने बरे होऊन गेलेले दिसले. प्रत्यक्षात रुग्णालयात हृदय थांबलेल्यांपैकी साधारण चार-पाचांत एखादाच घरी जातो, आणि बाबांच्या अवस्थेत त्याहून फार कमी. बाबांसाठी ती म्हणजे मोडलेल्या फासळ्या आणि गर्दीतलं मरण. त्याला नको म्हणा. मात्र फाइलवर ते लिहिताना बाकी काय चालू राहणार आहे, तेही लिहून घ्या: औषध, स्वच्छता, कूस बदलणं, ताप उतरवणं. ‘सीपीआर नको’ या शेऱ्यानंतर राउंड घेणारे बेडजवळ थांबेनासे होतात, हे सगळीकडचं दुखणं आहे.

पैशांचा उल्लेख तुम्ही केला नाहीत. बहुतेक जण करत नाहीत, आणि मग तोच मनात सगळ्यात मोठा होऊन बसतो. खर्चाचा विचार आला म्हणून निर्णय पापी ठरत नाही. बाबांनाही घर बुडवून असं जगणं मान्य झालं नसतं, असं वाटत असेल तर तीही त्यांच्या इच्छेचीच साक्ष आहे. पण दुसऱ्या रुग्णाला बेड हवाय, असं कुणी तुम्हाला सुचवलं तर ऐकून घेऊ नका. ते व्यवस्थेने सोडवायचं कोडं आहे, बाबांच्या उशाशी उभ्या मुलाने नव्हे.

आणि ठरवता येतच नसेल तर? मग मुदत घाला. ‘अजून पाच दिवस सगळे उपचार पूर्ण ताकदीने, ट्रेकिऑस्टॉमी त्यानंतर, पाचव्या दिवशी या तीन गोष्टी पाहायच्या: व्हेंटिलेटरचा आधार किती कमी झाला, गुंगी उतरवल्यावर डोळे उघडून बघतात का, कफ स्वतः काढतात का. सुधारणा नसेल तर थांबायचं.’ नळीला दोन-चार दिवस जास्त झाले तर आभाळ कोसळत नाही. उद्याची मुदत वैद्यकीय कमी आणि सोयीची जास्त आहे, तेव्हा ती वाढवून मागायला संकोचू नका. ताईला यायलाही वेळ मिळेल. फक्त मुदतीचा दिवस आणि निकष आजच कागदावर लिहून घ्या, नाहीतर पाचाचे पंधरा होतात आणि एका पहाटे कुणा ड्युटीवरच्या डॉक्टरला घाईत सही हवी असते.

रुग्णालयात पॅलिएटिव्ह केअरचं पथक असेल तर त्यांना बैठकीला बोलवायची मागणी आत्ताच करा; नकार ठरल्यावर नव्हे, ठरवताना त्यांचा उपयोग जास्त होतो. आणि बैठक पॅसेजमध्ये उभ्याउभ्या होऊ देऊ नका. बसायला जागा, आईसाठी पहिली खुर्ची, ताई फोनवर स्पीकर लावून, डॉक्टरांचा मोबाइल सायलेंटवर. एवढं मागितल्याने कुणी रागावत नाही, आणि रागावलंच तर रागावू द्या.